लहान मुलांच्या दातांवरून मृत्यूच्या वेळचं वय कसं काढायचं (नवख्यांसाठी)

मोठ्या माणसाच्या सांगाड्यावरून वय सांगणं म्हणजे बऱ्यापैकी अंदाजपंचे कारभार असतो, पस्तीस की पन्नास यावर दोन अनुभवी माणसं तासभर वाद घालू शकतात आणि शेवटी दोघंही अर्धी बरोबर निघतात. लहान मुलांचं तसं नाही. मूल वाढत असतं, आणि त्याच्या अंगात सगळ्यात शिस्तीत काय वाढत असेल तर ते दात. उपासमार झाली, सारखं आजारपण आलं की हाडांची लांबी लगेच मागे पडते. दातही थोडे मागे पडतात, पण हाडांच्या मानाने फारच कमी. शिवाय इनॅमल, म्हणजे दातावरचं कवच, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, त्यामुळे बाळाच्या कवटीचा भुगा झालेला असला तरी दात पुष्कळदा शाबूत मिळतात.

आपल्याकडे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे इनामगाव. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर आहे, १९६८ ते १९८३ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी तिथे उत्खनन केलं. साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती. मोठ्या माणसांना उताणं झोपवून पुरायचे, पावलं तोडलेली असायची. लहान मुलांना मात्र राखाडी रंगाच्या दोन मडक्यांत ठेवायचे, मडकी तोंडाला तोंड लावून आडवी, आणि खड्डा कुठे तर राहत्या घराच्या जमिनीतच. तिथल्या दफनांत लहान मुलंच जास्त आहेत. नेवासा, दायमाबाद इथेही अशीच मडकी निघाली. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी इनामगावच्या दातांवर बरंच काम केलं, नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या तिन्ही ठिकाणच्या मुलांच्या सांगाड्यांवर केलं. दातावरून आलेलं वय एका बाजूला आणि मांडीच्या हाडाची लांबी दुसऱ्या बाजूला ठेवली की मूल वयाच्या मानाने खुरटलं होतं का ते कळतं. मग त्यावरून गावाला खायला पुरत होतं का, हा प्रश्न विचारता येतो. म्हणजे वय चुकलं तर पुढचं सगळंच चुकलं.

हा लेख आर्किऑलॉजीच्या एमएला नुकत्याच आलेल्यांसाठी, डेंटलला असून फॉरेन्सिककडे वळू बघणाऱ्यांसाठी, किंवा नुसती उत्सुकता असलेल्यांसाठी आहे. सगळ्या लेखाचा मुद्दा एकच: दात किती आलेत ते नंतर बघा, आधी दात किती बनलेत ते बघा.

सुरुवात करण्याआधी

शेत नांगरताना, घराचा पाया खणताना हाडं किंवा दात दिसले तर खालचं काहीही करू नका. हात न लावता पोलीस पाटलांना किंवा पोलीस स्टेशनला कळवा. ते तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे की तीन वर्षांपूर्वीचं हे आपण ठरवायचं नसतं, आणि लहान मुलाची बाब असेल तर अजिबातच नाही. पुढचं सगळं आहे ते परवानगी असलेल्या उत्खननातल्या किंवा कॉलेजच्या कलेक्शनमधल्या दातांबद्दल.

पायरी १: दात हरवू नका

ऐकायला फालतू वाटतं, पण सगळ्यात जास्त माहिती इथेच जाते. एकाच मुळाचे दात, म्हणजे पटाशीचे दात आणि सुळे, जबडा कुजला-सुकला की खोबणीतून सुटून मातीत पडतात. त्याहून वाईट अवस्था असते अजून बनत असलेल्या दातांची. त्यांना मूळच नसतं, नुसती इनॅमलची टोपी असते, ती जबड्यातल्या पोकळीत सुटीच पडलेली असते आणि हाड फुटलं की निसटते. नवजात बाळाच्या दाढेची टोपी पहिल्यांदा बघितली तर शिंपल्याचा तुकडा वाटून फेकून द्याल इतकी छोटी आणि पातळ असते. खणणाऱ्या कामगारांना आणि ट्रेनी पोरांना आधीच अशी एखादी टोपी दाखवून ठेवा, नुसतं सांगून उपयोग होत नाही.

त्यामुळे मडकं निघालं तर शक्यतो मातीसकट अख्खं उचला आणि लॅबमध्ये निवांत थर-थर करत रिकामं करा. आतली सगळी माती एक मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, आणि चाळणीत उरलेलं लगेच टाकू नका, भिंगाखाली एकदा बघा. कवटीच्या आसपासची माती वेगळ्या पिशवीत, छातीजवळची वेगळ्या, पायाकडची वेगळ्या. दात सहसा कवटीजवळ मिळतात, पण उंदीर-घुशी आणि पाण्यामुळे मडक्यात कुठेही जाऊ शकतात.

धुताना नळाखाली अजिबात नाही. मऊ ब्रश, थोडं पाणी, खाली ट्रे, आणि वाळवायचं सावलीत. उन्हात किंवा हेअर ड्रायरने झटपट वाळवलं की इनॅमलला तडे जातात आणि ते डेंटिनपासून, म्हणजे आतल्या थरापासून, सुटून येतं. वाळलं की प्रत्येक दात वेगळ्या छोट्या डबीत, खाली मऊ टिश्यू. कापूस थेट लावू नका, त्याचे धागे मुळाच्या पातळ कडेला अडकतात आणि काढताना कड मोडते. आणि ती कडच तर आपल्याला वाचायची आहे! लेबल पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई काही वर्षांत उडते.

जबड्यात अडकलेला दात ओढून काढायचा मोह होतो. काढू नका. त्यासाठी एक्स-रे आहे, त्यावर येतोच.

पायरी २: हा दात कुठला ते ठरवा

दुधाचे दात वीस: आठ पटाशीचे, चार सुळे, आठ दाढा. दुधाच्या दातांत उपदाढा नसतात. कायमचे दात बत्तीस, त्यात आठ उपदाढा, ज्या दुधाच्या दाढांच्या जागी येतात. कायमच्या दाढा कुणाच्याही जागी येत नाहीत, त्या मागे नव्या जागेत येतात. हे एवढं पक्कं डोक्यात असलं की निम्मा गोंधळ संपतो.

दुधाचा दात ओळखायचा कसा? आकाराने लहान, रंगाने जास्त पांढरा (पुरलेल्या दातात रंगावर विश्वास ठेवू नका, माती सगळ्यांना सारखंच रंगवते), मानेपाशी, म्हणजे वरचा माथा आणि खालचं मूळ जुळतात तिथे, एकदम आवळलेला आणि त्याच्या वर फुगीर, इनॅमल पातळ. दुधाच्या दाढांची मुळं बारीक आणि फाकलेली असतात, कारण त्या मुळांच्या मध्ये खाली उपदाढ बनत असते, तिला जागा लागते.

नवख्यांचा सगळ्यात मोठा घोळ होतो दुधाची दुसरी दाढ आणि कायमची पहिली दाढ यांच्यात. दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या, खालच्या जबड्यात दोघींना चावायच्या बाजूला साधारण पाच टोकं (उंचवटे) असतात. एकीच्या जागी दुसरी धरली तर वय काही वर्षांनी हुकतं, थोडंथोडकं नाही. दुधाची दुसरी दाढ लहान असते, मान आवळलेली असते, मुळं मानेपासून लगेच फाकतात. कायमच्या पहिल्या दाढेत मुळं फुटण्याआधी एकसंध बुंधा बऱ्यापैकी लांब असतो. शक्य असेल तर शेजारी दोन्ही ठेवून बघा, वर्णनं वाचून हे डोळ्यात बसत नाही. दुधाची पहिली दाढ मात्र ओळखायला सोपी, तिच्यासारखा विचित्र दात दुसरा कुठला नाहीच, गालाच्या बाजूला मानेपाशी चांगला टेंगूळ असतो.

नोंद करताना दोन आकडी नंबर वापरा, डेंटिस्ट वापरतात तेच. कायमच्या दातांना ११ ते ४८, दुधाच्यांना ५१ ते ८५. पहिला आकडा जबड्याचा कोपरा सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. ७५ म्हणजे खालची डावी दुधाची दुसरी दाढ. एकाच मडक्यात दोन ७५ निघाले तर मुलं किमान दोन, सांगाडा एकाचाच वाटत असला तरी. आणि एक दात पूर्ण बनलेला आणि त्याच्या आधी बनायला हवा होता तो अजून कोवळा, असं दिसलं तरी तीच शंका घ्या.

पायरी ३: दात किती बनलाय ते वाचा

ही खरी पायरी. दात वरून खाली बनतो. आधी टोकांवर इनॅमलचे वेगवेगळे ठिपके, मग ते जोडले जातात, मग माथा अर्धा, पाऊण, पूर्ण, मग मुळाची सुरुवात, पाव, अर्धं, पाऊण मूळ, लांबी पूर्ण पण टोक उघडं, आणि शेवटी टोक बंद. १९६३ मध्ये मूरीस, फॅनिंग आणि हंट यांनी याच क्रमाचे बारीक टप्पे पाडले, आजही बहुतेक जण त्याच टप्प्यांची भाषा बोलतात.

थोडे आकडे लक्षात ठेवा, सगळा तक्ता पाठ करायची गरज नाही.

दुधाचे दात गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या आसपास बनायला लागतात, पटाशीचे आधी. बाळ जन्मतं तेव्हा वीसच्या वीस दात कुठल्या ना कुठल्या टप्प्यात जबड्यात असतात, पटाशीच्या दातांचा माथा बराचसा झालेला असतो, दुधाच्या दुसऱ्या दाढेची टोकं अजून पूर्ण जोडली गेलेली नसतात. कायमची पहिली दाढ जन्माच्या सुमाराला सुरू होते, तेव्हा तिचा फक्त एक कण असतो. दुधाच्या पहिल्या दाढेचा माथा सहा महिन्यांच्या आसपास पूर्ण होतो, सुळ्याचा नऊच्या आसपास, दुसऱ्या दाढेचा दहा-अकरा महिन्यांच्या. दुधाच्या पटाशीच्या दातांची मुळं दीड ते दोन वर्षांत पूर्ण होतात, दुसऱ्या दाढेची आणि सुळ्याची तीन वर्षं उलटल्यावर.

कायमच्यांत पहिल्या दाढेचा माथा अडीच-तीन वर्षांना पूर्ण, मूळ नऊ-दहाला. मधले पटाशीचे दात जन्मानंतर तीन-चार महिन्यांनी सुरू होतात, माथा चार-पाच वर्षांना पूर्ण. दुसरी दाढ अडीच-तीनला सुरू, माथा सात-आठला, मूळ चौदा ते सोळा. अक्कलदाढेचा भरवसा नाही, ती सातव्या वर्षीही सुरू होते, दहाव्यालाही, आणि कुणाकुणाला होतच नाही.

आता मुळाचं टोक. इथे तीन गोष्टी एकसारख्या दिसतात आणि तिघींचा अर्थ एकदम वेगळा आहे.

अजून बनत असलेल्या मुळाची कड पातळ असते, सुरीच्या धारेसारखी, सगळीकडून सारखी, आणि आतली पोकळी टोकाकडे रुंद होत जाते. झिजून चाललेल्या मुळाची, म्हणजे दुधाचा दात पडायला आलाय आणि खालचा कायमचा दात त्याला खातोय, अशा मुळाची कड वेडीवाकडी, खडबडीत, छोट्या छोट्या खळ्यांची असते आणि पुष्कळदा एकाच बाजूने जास्त खाल्लेली असते. तुटलेल्या मुळाची कड जाड आणि कोनाकोनाची असते, आणि तुटणं ताजं असेल तर आतला रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा दिसतो. दुधाच्या पटाशीच्या दाताचं अर्धं मूळ बघून तुम्ही ‘बनतंय’ म्हणालात तर मूल वर्षाच्या आतलं, ‘झिजतंय’ म्हणालात तर पाच-सहा वर्षांचं. भिंग घ्या, तिरका उजेड टाका, आणि मग बोला.

जबड्यात दडलेल्या दातांसाठी एक्स-रे. डेंटल क्लिनिकमधला साधा सेन्सर चालतो, फक्त दोन बाजूंनी फोटो घ्या, कारण एका कोनातून मूळ आखूड किंवा लांब दिसू शकतं. सुट्या दाताला एक्स-रेची फारशी गरज नसते, तो हातातच आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा सुटा दात असेल तर त्याची उंची कॅलिपरने मोजूनही वय काढता येतं, लिव्हरसिज, डीन आणि मॉलसन यांनी १९९३ मध्ये त्यासाठी सूत्रं दिली. त्यांच्याकडची मुलं लंडनच्या स्पिटलफील्ड्स चर्चच्या तळघरातली होती. तिथल्या शवपेट्यांवर नाव आणि वयाच्या पाट्या होत्या, त्यामुळे खरं वय माहीत होतं. असं कलेक्शन मिळणं फार दुर्मीळ, आपल्याकडे तर मडक्यावर कोण पाटी लावणार.

पायरी ४: आता आलेले दात बघा, पण बेताने

घरातल्या कुठल्याही बाईला विचारा, उष्टावणाच्या सुमाराला पहिला दात यायला हवा आणि कुणाला तो चौथ्या महिन्यात येतो, कुणाला वर्षाचा वाढदिवस झाला तरी नाही. दात बाहेर येण्याची वेळ इतकी मागेपुढे होते. दुधाची दाढ किडून लवकर पडली की खालच्या उपदाढेची वेळ बिघडते, जागा कमी असली की सुळा अडकून बसतो. बनण्याची वेळ त्या मानाने ठरलेली, म्हणून तिसऱ्या पायरीला जास्त वजन द्यायचं.

तरी ढोबळ क्रम माहीत हवा. दुधाचे खालचे मधले पटाशीचे सहा ते दहा महिन्यांत, वरचे आठ ते बारा, मग बाजूचे, पहिली दाढ तेरा ते एकोणीस, सुळे सोळा ते बावीस-तेवीस, दुसरी दाढ दोन ते पावणेतीन वर्षांत. नवख्यांना वाटतं सुळा पहिल्या दाढेच्या आधी येत असेल, कारण तो तोंडात पुढे असतो. नाही, दाढ आधी. कायमच्यांत सहा-सात वर्षांना पहिली दाढ आणि खालचे मधले पटाशीचे, पहिली-दुसरीतल्या पोरांचे बोळके फोटो आठवा. उपदाढा दहा ते बारा, वरचा सुळा अकरा-बारा, दुसरी दाढ अकरा ते तेरा.

इथे एक खड्डा आहे ज्यात डेंटलवाले हमखास पडतात. वरचे सगळे आकडे हिरडीतून दात बाहेर दिसण्याचे आहेत. सांगाड्याला हिरडी नसते! दात हाडाच्या कडेच्या वर आलेला तुम्हाला दिसतोय, पण जिवंतपणी तो हिरडीखालीच असू शकतो. हाडातून वर येणं आणि हिरडीतून वर येणं यात काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत फरक पडतो. तुम्ही वापरताय तो तक्ता हाडाची पातळी धरतो की हिरडीची, हे वापरण्याआधी वाचा. दाताला घासल्याची खूण असेल, म्हणजे समोरच्या दातावर घासून चकचकीत सपाट झालेला बारीक भाग, तर तो तोंडात नक्की आलेला होता.

झिजेवरून मुलाचं वय काढू नका. जात्यावरचं, रेतीमिश्रित पीठ खाणाऱ्यांचे दात भराभर झिजतात.

पायरी ५: तक्ता निवडा

दातावरून मुलाचं वय ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापड गिरणीत कामाला ठेवायला बंदी आली, पण जन्माचा दाखलाच नसायचा, मग एडविन सॉंडर्स नावाच्या डेंटिस्टने १८३७ मध्ये हजारावर मुलांचे दात तपासून सांगितलं की उंचीपेक्षा दातांवरून वय जास्त बरोबर कळतं. त्यानंतर तक्त्यांची रांग लागली.

१९४१ चा शौर आणि मॅसलरचा तक्ता जुन्या पुस्तकांत सगळीकडे दिसेल. तो मोजक्याच आणि त्यातही बऱ्याच आजारी मुलांवर आधारलेला होता, तर ऐतिहासिक वस्तू म्हणून बघा. उबेलाकरचा १९७८ चा तक्ता अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी केलेला, आर्किऑलॉजीत खूप वापरला गेला. डेमिर्जियनची १९७३ ची पद्धत फ्रेंच-कॅनेडियन मुलांवरची, खालच्या डाव्या सात दातांना ए ते एच असे टप्पे देऊन त्या टप्प्यांच्या गुणांची बेरीज करायची. जिवंत मुलाच्या एक्स-रेला छान, पण सातही दात लागतात आणि मडक्यातल्या मुलाचे सातही दात मिळतील याची शाश्वती नाही. शिवाय भारतातल्या बऱ्याच अभ्यासांत तिने वय खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं, म्हणून २०११ मध्ये आशिथ आचार्य यांनी भारतीयांसाठी आठ दातांचं वेगळं सूत्र दिलं. फॉरेन्सिकवाल्यांनी ते बघावं.

नवख्यांना माझा सल्ला सरळ आहे, लंडन ॲटलस घ्या. अलकहतानी, हेक्टर आणि लिव्हरसिज यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला, फुकट डाउनलोड होतो, गर्भातल्या अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून तेवीस वर्षांपर्यंतची चित्रं आहेत, आणि दात किती वर आलाय ते हाडाच्या पातळीवरूनच दाखवलंय. त्यातली लहान बाळं खरं वय माहीत असलेल्या सांगाड्यांमधली आहेत, मोठी मुलं लंडनमधल्या गोऱ्या आणि बांगलादेशी कुटुंबांतली. म्हणजे मोठ्या मुलांतली बरीचशी तरी आपल्या उपखंडातल्या वंशाची, वर सांगितलेल्या जुन्या तक्त्यांत हे नव्हतं.

वापरायचं कसं? एका दातावर थांबू नका. जेवढे दात आहेत तेवढ्यांचा टप्पा आधी कागदावर लिहा, तक्ता न बघता. मग तक्ता उघडा आणि सगळ्यांत जास्त दात ज्या चित्राशी जुळतात ते शोधा. तक्ता आधी उघडला की डोळे त्या चित्रासारखंच बघायला लागतात, हे प्रत्येकाला होतं.

एक उदाहरण

समजा मडक्यातून खालच्या जबड्याचा डावा अर्धा भाग आणि हनुवटीशी त्याला चिकटलेला उजवीकडचा थोडा तुकडा मिळाला. हनुवटीशी दोन अर्धे जोडले गेलेत, म्हणजे बहुतेक वर्षाच्या पुढचं मूल, कारण तो सांधा पहिल्या वर्षात जुळतो. पटाशीचा एक दुधाचा दात सुटा मिळाला, मुळाची लांबी जवळजवळ पूर्ण पण टोक उघडं, कड पातळ. दुधाची पहिली दाढ हाडाच्या वर आलेली, घासल्याची खूण अगदी नावाला. दुसरी दाढ हाडाच्या आत, माथा पूर्ण, मुळं फुटायला नुकतीच सुरुवात. एक्स-रेत मागे कायमच्या पहिल्या दाढेचा माथा साधारण अर्धा.

पटाशीचा दात सांगतो दीड वर्षाच्या आसपास. दुसऱ्या दाढेचा माथा पूर्ण म्हणजे अकरा महिन्यांच्या पुढे, मूळ कोवळं म्हणजे फार पुढे नाही. कायमच्या दाढेचा अर्धा माथा दीडच्या जवळ बसतो. सगळे एकाच दिशेला बोट दाखवतायत. कायमची दुसरी दाढ दिसत नाही, म्हणजे अडीच-तीनच्या आत असावं, पण ‘नाही’ या पुराव्याला कमी वजन द्या, कण हरवलेलाही असू शकतो. मग नोंदीत काय लिहायचं? ‘अठरा महिने’ असं नाही. ‘एक ते दोन वर्षं, सर्वांत संभाव्य दीडच्या आसपास’ असं. आणि खाली कुठले दात, कुठला टप्पा, कुठला तक्ता, हे सगळं, म्हणजे उद्या दुसरा माणूस तपासू शकेल.

वयाचा हा पट्टा, म्हणजे ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’, किती रुंद ठेवायचा हा प्रश्न सगळे विचारतात. तान्ह्या बाळाला काही महिने पुरतात, दहा वर्षांच्या मुलाला वर्ष-दीड वर्ष इकडे आणि तेवढंच तिकडे धरा, अक्कलदाढेवर असाल तर त्याहून जास्त. मुलींचे दात मुलग्यांपेक्षा काही महिने पुढे असतात, सुळ्यात फरक सगळ्यात जास्त दिसतो, आणि लहान मुलाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे दोघांचे तक्ते वेगळे असतील तर दोन्हींची टोकं धरून पट्टा रुंद करा. आता इनॅमलमधल्या अमेलोजेनिन नावाच्या प्रथिनावरून लिंग ओळखता येतं, पण ते लॅबचं काम.

जन्मलं होतं का?

अगदी कोवळ्या बाळाबाबत वयापेक्षा हा प्रश्न मोठा असतो. पोटातच गेलं की जन्मून गेलं, दातांच्या टप्प्यावरून हे कळत नाही, कारण दात जन्माचा दिवस बघून थांबत नाहीत. पण जन्माच्या धक्क्याची एक गडद रेषा इनॅमलमध्ये उमटते, दुधाच्या सगळ्या दातांत आणि बऱ्याचदा कायमच्या पहिल्या दाढेत. दाताचा पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली ही रेषा आणि तिच्यापुढे बनलेलं इनॅमल दिसलं तर बाळ जन्मानंतर काही दिवस तरी जगलं. इनॅमलमध्ये रोजच्या बारीक रेघाही असतात, जन्मरेषेपासून त्या मोजत गेलं की वय दिवसांत येतं, कुठलाही तक्ता न लावता. पण त्यासाठी दात कापावा लागतो आणि तो परत येत नाही. आधी साचा घ्या, फोटो घ्या, मापं घ्या, लेखी परवानगी घ्या, आणि पहिला दात स्वतः कापू नका, कापलेल्या माणसाच्या शेजारी बसा.

दात कापायचा नसला तरी सुळ्याच्या पुढच्या बाजूला गोल खळगा आहे का बघून ठेवा. दुधाच्या सुळ्यावर असे इनॅमलचे खळगे इनामगावच्या मुलांत नोंदवले गेलेत, बाळाच्या सुरुवातीच्या महिन्यांतल्या हालांशी त्यांचा संबंध लावला जातो. वयाच्या कामात ते थेट लागत नाहीत पण नोंद नसेल तर नंतर कोणी परत मडकं उघडून बघणार नाही.

सराव

पुतण्या-भाच्यांचे पडलेले दुधाचे दात मागून घ्या, उंदराला द्यायच्या आत. त्यांची मुळं झिजलेली असतात त्यामुळे माथा ओळखायला आणि झिजलेली कड कशी दिसते ते बघायला मस्त, बनणारं मूळ बघायला निरुपयोगी. त्यासाठी ओळखीच्या डेंटिस्टकडून मुलांचे पूर्ण जबड्याचे एक्स-रे मागा, नावं काढून टाकलेले, आणि वय वेगळ्या कागदावर लिहून मित्राकडे ठेवायला सांगा. रोज थोडे घ्या, आधी टप्पे लिहा, मग तक्ता, मग पट्टा, आणि पट्टा शाईने लिहून झाल्यावरच मित्राला कागद उघडायला सांगा.